मेंढरमाळाचे दगड कुठून आले

निमे, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तुझ्या कॉलेजच्या प्राचार्यांनी तुला ‘मितभाषी’ म्हटलं आणि मला भर मांडवात हसू आवरेना. शेजारी तुझी जाऊ बसली होती. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी पदर तोंडाला लावून खोकल्याचं सोंग केलं. मितभाषी म्हणे. विद्यापीठाच्या बसथांब्यावर, मुकुंदवाडीच्या फलाटावर, देवगाव रंगारीच्या हॉटेलात भजी गार होईपर्यंत तू माझ्याशी किती भांडलीस, हे त्या बिचाऱ्यांना कुठून माहीत असणार? तू त्यांच्याशी बोलत नव्हतीस, एवढंच खरं. ज्याच्याशी वाद घालावासा वाटत नाही त्याच्याशी बोलायला तुझ्याजवळ कधी काही नसायचंच.

मग हसू ओसरलं आणि रडू आलं, आणि ते काही पदरानं आवरलं नाही. तुझ्या जावेनंच पाणी आणून दिलं. 

जेवणं चालू होती तेव्हा मेंढरमाळची सुभद्राबाई आणि तिथला सरपंच मला शोधत आले. एवढ्या पावसात मोटारसायकलवर आले होते, दोघंही निथळत होते. सुभद्राबाईनं तुझ्या फोटोपुढं फुलं ठेवली, थोडा वेळ तुझ्याकडं बघत उभी राहिली आणि मग माझ्या खुर्चीपाशी खाली बसली. वर बस म्हटलं तर नको म्हणाली, लुगडं ओलं आहे. सरपंचानं सांगितलं की शुक्रवारी ग्रामसभा लावली आहे. कड्याखालची वस्ती उठवायची की ठेवायची ते एकदाचं ठरवायचं. तालुक्याहून कुणीतरी येऊन फोटो काढून गेलं होतं, पण निर्णय तुमचा तुम्ही घ्या, असं तोंडी सांगून.

“मॅडम म्हनायच्या, उठा. तुम्ही म्हनायच्या, बसा,” सुभद्राबाई म्हणाली. “आता तुम्ही एकल्याच राह्यल्या. तुम्ही सांगाल ते करू.”

निमे, त्या क्षणी मला तुझा जेवढा राग आला तेवढा कधी आला नव्हता. आजवर कितीही तापलो तरी वाद अर्धा टाकून तू उठली नव्हतीस. चहा संपला, बस आली, पोरं शाळेतून आली, तरी तुझं एक वाक्य शिल्लक असायचं. आणि या वेळी, जेव्हा त्या वादावर माणसांची घरं टांगलेली होती, तेव्हा तू मला एकटीला मांडवात बसवून निघून गेलीस. मी सुभद्राबाईला म्हटलं, गुरुवारी येते, बघते, मग सांगते. दुसरं काय सांगणार होते?

मेंढरमाळ आपण पहिल्यांदा पाहिलं ते विद्यापीठाच्या सहलीत. तू भूगोलाची, मी भूशास्त्राची, आणि बस एकच मिळाली म्हणून दोन्ही विभाग कोंबून नेलेले. देवगाव रंगारी मागं पडलं, डोंगर जवळ आले आणि तू खिडकीतून गावाची पाटी वाचलीस. मग माळ दिसला. कड्याच्या पायथ्यापासून उतारभर काळे, गोल पाठीचे दगड, मेंढरांचा कळप बसल्यासारखे. गावानं नाव त्यावरूनच ठेवलेलं. पण तुझ्या डोक्यात बारावीचा हिमनदीचा धडा होता आणि त्यात एक शब्द होता, मेषशिला. हिमनदीनं घासून गोल केलेला, बसलेल्या मेंढीसारखा दिसणारा खडक. तू माझा दंड इतका घट्ट धरलास की वळ उठले. 

“रेखे, मेषशिला,” तू म्हणालीस. “इथं बर्फ होता.”

इंग्रजीतून शिकलेल्या कुणाला ही चूक जमली नसती, असं मी तुला पुढं कैक वेळा चिडवलं. त्यांच्या पुस्तकात त्या दगडाचं नाव फ्रेंच आहे. त्यांना त्यात मेंढी दिसायचं कारण नाही. तुला मात्र त्या एका शब्दानं सगळा धडा उघडून दिला. दरीचा तळ रुंद आणि बाजू उभ्या, म्हणजे ‘यू’ आकाराची दरी. कड्यावरून उड्या घेणारे ओढे, म्हणजे लोंबत्या दऱ्या. पायथ्याशी दगडमातीचा ढीग, म्हणजे हिमोढ. दिवसभरात तू मराठवाड्यात सगळी हिमनदी उभी केलीस आणि पुढच्या आठवड्यात विभागाच्या चर्चासत्रात ती वाचूनही दाखवलीस.

विभागप्रमुखांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, पेंग्विन किती दिसले? सभागृह हसलं. पुढच्या बाकांवरची पोरं तर बाकं बडवायला लागली. तुझे वडील रेल्वेत गँगमन, जन्म रुळाखालची खडी सारखी करण्यात गेलेला. तुमच्या गल्लीतून तिथवर पोहोचलेली तू पहिली मुलगी. पुढच्या बाकांना हे सगळं माहीत होतं आणि त्यांच्या हसण्यात ते होतं. मी हसले नाही. मला तुझाच राग आला होता, की तू उलटून एक शब्द का बोलली नाहीस. कागद गोळा केलेस, खाली येऊन माझ्याशेजारी बसलीस आणि तास संपेपर्यंत फळ्याकडं बघत राहिलीस. विद्यापीठ सुटेपर्यंत तुझं नाव ‘हिमनदी’ पडलं.

संध्याकाळी बसथांब्यावर मी तुला समजावायला गेले. आपल्याकडं बर्फ नव्हता गं, म्हटलं. आपला डोंगर लाव्ह्याच्या थरांचा, भाकरींच्या चवडीसारखा. काही थर कठीण काळे, काही मऊ, भोकाभोकांचे. कठीण थर उभा राहतो, त्याचा कडा होतो. मऊ थर झिजतो, त्याचा उतार होतो. मऊ थर खालून पोखरला की वरचा कडा सरळ तुटतो, म्हणून बाजू उभ्या राहतात आणि दरी रुंद होते. दुसरीकडं जे बर्फ करतो ते आपल्याकडं खडकांचे प्रकार करतात. आणि ती मेंढरं? दगड कोपऱ्यांकडून कुजतो, कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, मधला गोल गाभा उरतो. म्हणजे ते दगड तिथंच तयार झालेत. जागचे आहेत.

तू सगळं ऐकून घेतलंस. बस आली. चढताना मागं वळून म्हणालीस, “बर्फ नसेल. पण ते दगड जागचे नाहीत. आलेले आहेत.”

सभागृहात तुझ्या तोंडून न निघालेलं ते वाक्य माझ्या वाट्याला आलं आणि पुढची सगळी वर्षं मला पुरलं.

मग तू कॉलेजात भूगोल शिकवायला लागलीस, मी विहिरी-बोअरच्या जागा दाखवायला लागले. फुलंब्रीकडच्या आमच्या भावकीत बाईनं पाण्याची जागा दाखवायची म्हणजे लोक आधी नवऱ्याकडं बघायचे; तू सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर यायचीस ती निम्मी मला धीर द्यायला आणि निम्मी भांडायला. रस्त्यात कुठंही काळा गोटा दिसला की विचारायचीस, जागचा की आलेला? मी जागचा म्हणायचे, तू आलेला. तुझे विलासराव कधी बरोबर असले तर गाडीत मागं बसून वर्तमानपत्र वाचायचे. त्यांना विचारलं तर म्हणायचे, मला दोघींचंही पटतं. एवढी वर्षं तुझ्या घरात राहून त्या माणसानं एकदाही बाजू घेतली नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

पोरं मोठी झाल्यावर आपण दोघी हिमालयात गेलो, खरीखुरी हिमनदी बघायला. तुझे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते. घोड्यावर बस म्हटलं तर ऐकलं नाहीस. वर पोहोचल्यावर बर्फाच्या कडेला एक उघडा खडक होता, त्यावर लांबच लांब सरळ ओरखडे होते. तू त्यावर तळहात ठेवलास आणि बराच वेळ काढलाच नाहीस. मला वाटलं, आता ही रडणार. तर तू म्हणालीस, हे असं असतं होय, आपल्याकडं असलं काहीच नव्हतं. एवढ्या शांतपणे म्हणालीस की मलाच वाईट वाटलं. पेंग्विनवाल्या सरांनी हे ऐकायला हवं होतं. आपली चूक इतक्या लांब चालत जाऊन, हात लावून खात्री करून घेणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

पण तू तिथंही थांबली नाहीस. खाली हिमोढाच्या ढिगावर बसून दगड उचलायला लागलीस. पांढरा, गुलाबी, पट्ट्यापट्ट्यांचा, राखी, सगळे एकाच ढिगात. इथं दगडाला विचारावं लागत नाही, म्हणालीस. हा उपरा आहे ते त्याच्या तोंडावरूनच कळतं. आपल्याकडं कड्यावरचाही काळा आणि पायथ्याचाही काळा. आलेला की जागचा, ओळखायचं कसं? परतीच्या गाडीत तू बोललीच नाहीस. मनमाड यायच्या आधी मला हलवून उठवलंस. तुला उत्तर सापडलं होतं.

भोकाभोकांच्या खडकातल्या पोकळ्यांत कधीकधी पांढऱ्या गारेचे पट्टे बसलेले असतात. साचलेल्या पाण्यातला गाळ बसावा तसे, एकदम आडवे. गवंड्याची पाणसळ, तू म्हणालीस; दगडाच्या पोटातच पाणसळ आहे. पट्टे आडवे असतील तर दगड जन्मला तसाच बसला आहे. तिरपे असतील तर तो नंतर कधीतरी कलंडला आहे. तसले पट्टे मी पहिल्या वर्षापासून पाहत आले होते, वेरूळच्या रस्त्यावर लोक ते दगड फोडून विकायलाही बसतात, आणि माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं. मला तुझा हेवा वाटला आणि तो मी तुला गाडीतच सांगितला. तू खूश होऊन मला पेढे घेऊन दिलेस. निमे, तुला सांगायचं राहून गेलेलं पुष्कळ आहे, पण हे राहिलं नाही याचा आज मला आधार वाटतो.

यंदाच्या पावसात ती पाणसळ खेळ राहिली नाही. मेंढरमाळच्या कड्याच्या वर, सपाट माळावर भेग पडल्याचं सुभद्राबाईनं तुला फोन करून कळवलं. मला नाही, तुला. दर रविवारी तू जायला लागलीस, मग मलाही ओढलंस. वस्ती बरोबर त्या उताराच्या खाली. ती तिथं आहे याला कारण पाणी, आणि पाण्याला कारण डोंगराच्या पोटातला गेरूसारखा तांबडा थर. दोन काळ्या थरांच्या मधला, चिकण, पाणी न झिरपू देणारा. वरून मुरलेलं पाणी त्याच्यावर अडतं आणि पायथ्याला बाहेर पडतं. त्या भरवशावर मी तिथं विहिरीची जागा दाखवली होती आणि ती विहीर भर उन्हाळ्यातही आटली नव्हती. माझ्या सगळ्या कामात मला अभिमान वाटावा अशी ती एक विहीर.

तू म्हणालीस, ज्या थरानं पाणी अडवलं तोच थर ओला झाला की साबणासारखा होतो. त्याच्यावर बसलेला उतार घसरणार. पूर्वीही घसरला आहे, म्हणून तर मेंढरं खाली आली आहेत. मी म्हणाले, दाखव. तू तिरप्या पट्ट्यांचे दगड दाखवलेस. मी आडव्या पट्ट्यांचे दाखवले. तुझे ओढ्याच्या कडेला होते, माझे वस्तीच्या वर. दोन्ही खरे होते आणि आपण दोघी पावसात एकमेकींवर ओरडत होतो. मी काही हट्टानं बोलत नव्हते, निमे. तात्पुरती म्हणून उठवलेली माणसं रस्त्याकडेच्या पत्र्यांत म्हातारी होतात, हे आपण दोघींनी आपल्याच जिल्ह्यात पाहिलं आहे. शेत इथं, गोठा इथं, पाणी इथं. त्यांना ओढ्याकडच्या कलंडलेल्या दगडांवरून उठवायचं? तू म्हणायचीस, आधी जीव. मी म्हणायचे, जगायचं कशावर? सुभद्राबाई आपल्यामागं प्लॅस्टिक डोक्यावर धरून उभी असायची आणि ऐकायची.

शेवटचा फोन तूच केलास. बोलता बोलता म्हणालीस, “तुझी विहीर तिथं आहे म्हणून तुला डोंगर हलायला नकोय.” 

मी फोन ठेवला. रागानं ठेवला आणि उद्या बघते हिला, अशा हिशेबानं ठेवला. सकाळी विलासरावांचा फोन आला. मेंढरमाळला जायला म्हणून तू बूट घालत होतीस, एवढंच ते सांगू शकले. चार दिवस पित्त झालंय, पित्त झालंय म्हणत होतीस मला. जगातल्या प्रत्येक दगडावर तुझं मत होतं आणि छातीत दुखतंय हे तुला डॉक्टरला सांगता आलं नाही. मला याबद्दल तुला माफ करता येत नाही. येईल असं वाटतही नाही.

ठरल्याप्रमाणे गुरुवारी गेले. पाऊस थांबून थांबून पडत होता. सुभद्राबाई वाटेत येऊन उभीच होती. आम्ही आधी वर माळावर गेलो. भेगेच्या दोन्ही बाजूंना तू ठोकलेल्या खुंट्या तिथंच होत्या, मध्ये ताणलेली सुतळी तशीच. भेग रुंदावली असती तर ती तुटली असती. मी ती बोटानं दाबून पाहिली, खुंट्या हलवून पाहिल्या. काही हललं नव्हतं. मग उतारावरून खाली येत येत दगडांच्या पोटातले पट्टे पाहिले, जे सापडले ते सगळे. आडवे. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. खोटं कशाला सांगू, तुझ्या मापानं तू हरलीस याचा मला आनंदही झाला, आणि तो कुणाला सांगायचा म्हणून लगेच वाईटही वाटलं. ‘बसा’ हा शब्द तोंडात घेऊनच मी वस्तीत उतरले.

सुभद्राबाईनं पाय धुवायला विहिरीचं पाणी काढलं. मी बादलीत पाय घातला आणि काढला. पाणी तांबडं होतं.

कधीपासून, विचारलं. झाले पंधरा-वीस दिवस, ती म्हणाली. पावसाचं गढूळ असंल. पण त्या विहिरीला काठ बांधलेला आहे, वरचं पाणी आत जात नाही. आणि मेंढरमाळची माती काळी आहे. गढूळ झालं असतं तर पाणी काळपट व्हायला हवं होतं. मी तळाचा गाळ बोटांत घेऊन चोळला. बुळबुळीत, गेरूचा. निमे, माझा तांबडा थर विहिरीतून बाहेर येत होता. वरच्या भेगेला रुंदावायची गरजच नव्हती. उताराखालचा आधार आतून धुऊन चालला होता, आणि सुभद्राबाई ते पाणी रोज म्हशींना पाजत होती.

तू इतके रविवार आलीस, वर चढलीस, दगड पाहिलेस, खुंट्या ठोकल्यास; त्या विहिरीत डोकावली नाहीस, कारण ती माझी होती. आणि मी डोकावले नाही, कारण माझं सगळं लक्ष तुझ्या दगडांना उत्तर देण्यात होतं.

शुक्रवारी ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. शाळा रस्त्यापलीकडं, सपाटीवर, उतारापासून लांब. मी उभी राहिले आणि एका दमात सांगितलं की वस्ती आजच उठवा, पाऊस संपेपर्यंत शाळेत राहा, जनावरंही इकडं आणा. तांबड्या पाण्याचं सांगितलं. मग कुजबुज सुरू झाली. सरपंच खाली बघत होता. सुभद्राबाई बायकांतून उठली. मला वाटलं ती माझ्या बाजूनं बोलेल, तिनंच तर बोलावलं होतं.

“तुम्ही दोघी भांडायच्या तवा आमाला बरं वाटायचं,” ती म्हणाली. “एक जन आमच्या अंगानं बोलायची. आता तुम्ही बी तिकडं गेल्या. मंग आमच्या अंगानं बोलनार कोन?”

तज्ज्ञ म्हणून मी एवढी वर्षं सभांत बोलते आहे, पण असं कुणी विचारलं नव्हतं. मग म्हटलं, थांबा, दोन्हीकडून मीच बोलते. आणि आधी माझी बाजू मांडली, जशी तुझ्यापुढं मांडायचे तशी, काही हातचं न राखता. भेग रुंदावलेली नाही. दगड सरळ बसलेले आहेत. तुमच्या आज्यापणज्याच्या काळापासून हा उतार हललेला नाही. शाळेत गेलात की कोण कधी परत आणील याचा भरवसा नाही, पत्र्यात आयुष्य जाईल, शेताकडं दुर्लक्ष होईल. लोकांच्या माना हलायला लागल्या. व्हय, व्हय, असं मागून कुणीतरी म्हणालंही. मग मी तुझी बाजू घेतली. आणि निमे, ती मला माझ्यापेक्षा जास्त पाठ होती. कुठं थांबून पाण्याचा घोट घ्यायचा, कुठं आवाज खाली आणायचा, ‘आधी जीव’ म्हणताना हात कसा करायचा, सगळं. तुझं म्हणणं मी इतक्या वर्षांत इतकं नीट ऐकलं होतं हे मलाच माहीत नव्हतं. तुला तर नव्हतंच. तू नेहमी म्हणायचीस, रेखे, तू ऐकत नाहीस.

शेवटी मी त्या तांबड्या पाण्याची बाटली पुढं ठेवली आणि सांगितलं की आता तुम्ही ठरवा. बरोबर निघालं तर डोंगराचं, चुकलं तर माझं. सुभद्राबाईनं बाटली उचलून उजेडाकडं धरली. बराच वेळ बघितलं. मग ती सरपंचाला म्हणाली, “म्हशी सोडते,” आणि पावसात निघाली. तिच्यामागं एकेक करून बायका उठल्या, मग पुरुष.

त्यानंतर डोंगराला काही झालं नाही. दोन दिवसांत ऊनही पडलं, कधी नव्हे तो कडा लख्ख धुतलेला दिसायला लागला. शाळेच्या खोल्यांत लोक दाटीवाटीनं राहत होते, पोरं आजारी पडायला लागली, म्हातारे कुरकुरायला लागले. सरपंच रोज संध्याकाळी फोन करायचा, जायचं का परत? मी नाही म्हणायचे. एकदा म्हणाला, ताई, तुम्ही शहरात हायत, हितं शिव्या मी खातोय. त्याचं खरं होतं. फोन ठेवला की मला धडकी भरायची, की मी चुकले तर? थोडासा गेरू पाण्यात आला म्हणून मी सगळी वस्ती उठवली होती. तू असतीस तर मी तुझ्याकडं येऊन बसले असते आणि तू, माझी खोड मोडायला म्हणून का होईना, म्हणाली असतीस, आता रेखे मीच सांगते, जाऊ दे त्यांना घरी. मग मी तुझ्याशी भांडत भांडत माझी खात्री करून घेतली असती. आपली खात्री नेहमी अशीच झालेली आहे. एकटीनं कशी करून घ्यायची असते ते मी शिकलेच नाही, आणि या वयात शिकावं लागतंय म्हणून तुझ्यावर चिडते आणि मग तुझी इतकी आठवण येते की हातातलं काम खाली ठेवावं लागतं.

काल सकाळी फोन वाजला तो सुभद्राबाईचा. सरपंचाचा नाही, हे बघूनच मी उभी राहिले.

“ताई, डोंगर वाजला,” ती म्हणाली. “तुमची हीर दिसंना.”

घरं, मी विचारलं. वरच्या अंगाची दबली, खालच्या अंगाची अर्धी दिसत्यात, ती म्हणाली. तिचं घर वरच्या अंगाला होतं. तिनं ते वेगळं सांगितलं नाही. माणसं समदी हितं हायत, म्हणाली, दोनदा मोजली. म्हशी बी हायत. मागं कुणाचं तरी लेकरू रडत होतं, आणि ती फोन धरूनच त्याला उगी उगी करत होती.

मी खुर्चीत बसले. मग विलासरावांना फोन लावला, कारण दुसरं कुणाला सांगावं ते कळेना. मेंढरमाळचा उतार खाली आला, एवढंच मी म्हणाले.

“लोक?” त्यांनी विचारलं.

“शाळेत आहेत. सगळे.”

फोनवर काही ऐकू येईना. मला वाटलं, लागलेला फोन तुटला. मी दोनदा हॅलो म्हटलं.

“आहे,” ते म्हणाले. “तिला सांगतो.”